पाचव्या खाचेवरची गाडी

माझ्या गॅरेजात येणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींच्या मागच्या शॉकपची कडी पाचव्या, म्हणजे शेवटच्या, खाचेवर असते. चालवणारा कॉलेजातला काडीपैलवान असो की शंभर किलोचा ठेकेदार, खाच पाचवीच. ‘पाचवर आहे ना भाऊ? मग आपटते काहून?’ हे मी बोरगाव मेघेत बसून इतक्यांदा ऐकलं आहे, की आता उत्तराच्या आधी मी उलटा प्रश्न टाकतो: मागं कोण बसतं?

लोकांना हा प्रश्न चौकशीसारखा वाटतो. पण त्याच्याशिवाय शॉकपचं काही ठरत नाही. कंपनीच्या पुस्तकात शॉकपचा इतिहास तेलाचा, झडपांचा, गॅसचा म्हणून दिलेला असतो. मी पाहिलेला इतिहास मागच्या सीटवर काय काय लादलं गेलं त्याचा आहे. दुधाचे कॅन, कापसाची गाठोडी, युरियाची पोती, बायको आणि दोन पोरं, कॉलेजची मैत्रीण, लडाखला जायच्या पिशव्या, आणि अलीकडे पार्सलांनी फुगलेले काळे थैले. प्रत्येक ओझ्यानं आमच्याकडून शॉकपचं वेगळं काहीतरी करून घेतलं.

बोरगाव मेघे हे वर्ध्याला चिकटलेलं गाव. जनगणनेच्या हिशेबात शहर, कारभार ग्रामपंचायतीचा. सिंदी मेघे, सावंगी मेघे, पिपरी मेघे हीसुद्धा तशीच वर्ध्याच्या अंगाला लागून वाढलेली. इथला माणूस नोकरीला वर्ध्यात, शेतीला खेड्यात आणि दवाखान्याला सावंगी नाहीतर सेवाग्रामला जातो. एकाच दिवसात त्याच्या गाडीला सिमेंट रस्ता, डांबरी रस्ता आणि पांदण, तिन्ही लागतात.

आणि या तिघांच्या खाली काळी माती आहे. बाहेरच्या माणसाला रस्ता खराब म्हटलं की खड्डा आठवतो. काळ्या मातीची खोड निराळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर शाबूत असलं तरी रस्ता लाटेसारखा वरखाली होतो. खड्ड्यानं गाडी एकदा आपटते आणि संपतं. लाटेवर ती डोलायला लागते. एक डोल विरायच्या आत दुसरी लाट येते. खड्ड्याला स्प्रिंग लागते, लाटेला तेल लागतं. हा फरक ज्याला कळला त्याला शॉकपचं निम्मं काम कळलं.

शॉकप म्हणजे दोन चिजा एकत्र. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते. आतल्या नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. स्प्रिंग दाबली की ती परत उसळणारच. तेल त्या बारीक भोकांतून सरकताना तिची उसळी खाऊन टाकतं आणि तिची उष्णता करतं. लांब पल्ल्यानं आलेल्या गाडीच्या शॉकपला हात लावून पाहा, गरम लागेल. बरेच गिऱ्हाईक त्याला बिघाड समजतात. गरम होतो म्हणजे तो काम करतो आहे. बिघाड झालेला शॉकप थंड असतो.

आमच्याकडं आधी हे काहीच नव्हतं. बैलबंडीला स्प्रिंग नाही. आसावर साठी, साठीवर ओझं, आणि हादरा सरळ माणसाच्या मणक्यात. टांग्याला कमान पाटे आले. पाट्यांचं एक बरं होतं: एकावर एक पोलादी पट्ट्या घासल्या जायच्या आणि त्या घासण्यानंच उसळी थोडी मरायची. ज्यांनी वर्धा स्टेशनवरून टांग्यानं प्रवास केला आहे त्यांना तो मऊ, चुळबुळणारा डोल आठवत असेल. मोटरगाड्यांचे पहिले शॉकपसुद्धा तसेच घासणीचे होते, चकत्या एकमेकींवर दाबलेल्या. तेलाचे मागाहून आले.

वर्ध्यात बसून दुचाकीबद्दल लिहायचं आणि बजाजांचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी राजस्थानातल्या सीकरजवळच्या एका मुलाला नातू म्हणून दत्तक घेतलं, ते जमनालाल. त्यांचं पुढचं चरित्र इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं: गांधीजींना वर्ध्याला आणणं, १९२८ साली लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुलं करणं. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते वर्ध्यातच गेले. पावणेचार वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९४५ ला, एक कंपनी नोंदवली गेली. तिचं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. आजच्या बजाज ऑटोचं ते पहिलं नाव. म्हणजे देशातल्या एवढ्या मोठ्या दुचाकी कंपनीच्या जन्मदाखल्यावर आमच्या गावच्या शेठजींचं नाव आहे. १९४८ पासून ती बाहेरच्या दुचाकी-तीनचाकी आणून विकू लागली, १९५९ साली तिला इथं बनवायचा परवाना मिळाला. कारखाना मात्र पुण्याजवळ आकुर्डीला झाला. वर्ध्याला नाव मिळालं, नोकऱ्या पुण्याला गेल्या. यावर आमच्याकडचे म्हातारे अजून चहा पिता पिता बोलतात.

बजाजच्या स्कूटरला, आधीच्या व्हेस्पाला आणि १९७२ पासूनच्या चेतकला, मागं एकच शॉकप. इंजिन आणि मागचं चाक एकाच तुकड्यावर झुलायचं आणि तो शॉकप त्याला पेलायचा. खाचा नाहीत, फिरवायची कडी नाही. कंपनीनं जे दिलं ते दिलं. दहा-दहा वर्षं बुकिंग करून थांबलेल्या माणसाला खाचा नाहीत म्हणून तक्रार करायची शुद्ध तरी कुठून असणार? चेतक ही नोकरदाराची गाडी होती. तिच्यावर सिलिंडर पायापाशी उभा यायचा, पोरगं त्याच्यावर टेकून, बायको मागं एका अंगानं. वजन दोन्ही चाकांत वाटलं जायचं, म्हणून तो बिचारा एकटा शॉकप टिकला.

खरी परीक्षा राजदूतची झाली. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीवरून साठच्या दशकात ती बनवायला घेतली. जाहिरातीत धर्मेंद्र असायचा, पण आमच्याकडं ती दूधवाल्याची गाडी. वर्धा जिल्हा हा गवळाऊ गाईचा मुलूख आहे. जमनालालजींनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेला दिले आणि वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक आजही पाहुण्याच्या पिशवीत घालून दिला जातो. तेव्हा दूध इथं नेहमीच खेड्यातून शहराकडं वाहत आलं आहे. आधी डोक्यावर, मग सायकलवर, मग राजदूतवर.

हिशेब करून पाहा. चाळीस लिटरच्या कॅनमध्ये एक्केचाळीस किलो दूध, वर कॅनचं वजन. दोन बाजूंना दोन कॅन लटकवले की शंभर किलोच्या घरात. आणि हे वजन लटकतं कुठं? मागच्या आसाच्या मागं. त्यामुळं शॉकपवर पूर्ण वजनापेक्षा जास्त भार येतो आणि पुढचं चाक हलकं होतं. हँडल पोकळ लागायला लागतं. वळणावर गाडी सरळ जायला बघते. राजदूतवाले दूधवाले पुढं झुकून, टाकीवर छाती टाकून चालवायचे, ते हौसेनं नाही.

मी ऐंशीच्या दशकात वर्ध्यात ज्या उस्तादाच्या हाताखाली पाने पुसायला लागलो, त्यांचं निम्मं गिऱ्हाईक असं होतं. बाजारात दुसरा शॉकप मिळायचा तो मुळाच्याच नमुन्याचा, ओझ्यासाठी वेगळा असा नाही. मग उस्ताद इलाज करायचे. स्प्रिंगच्या खाली पाइपचा कापलेला तुकडा बसवायचा, म्हणजे ती आधीच दबून राहील. कधी मोठ्या स्प्रिंगच्या पोटात दुसरी बारीक स्प्रिंग सोडायची. पुढं बजाजनं ‘स्प्रिंग इन स्प्रिंग’ म्हणून शॉकप काढले आणि त्याच्या जाहिराती केल्या, तेव्हा मी उस्तादांना ती जाहिरात नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि एवढंच म्हणाले, ‘उशीर केला.’

पण त्या इलाजात एक मेख होती आणि तीच आजवर सगळ्यांना नडते. स्प्रिंग कडक केली तरी आतलं तेल तेच, भोकं तीच. कडक स्प्रिंगची उसळी जोरात, ती आवरायची ताकद तेलात नाही. भरलेली गाडी सकाळी छान चालायची. दूध ओतून रिकामे कॅन घेऊन परत निघाली की तीच गाडी पांदणीवर बेडकासारखी उडायची. त्यावर उस्ताद तेल बदलायचे. त्या काळचे बरेचसे शॉकप उघडता यायचे. वरचा नट सोडवून, सील काढून, पातळ तेलाच्या जागी जाड तेल. उन्हाळ्यात ते जमायचं. जानेवारीत पहाटे पाचला, थंडीनं ते तेल गोठल्यासारखं व्हायचं आणि शॉकप म्हणजे नुसता दांडा. दूधवाला दुपारी येऊन शिव्या घालायचा. उस्ताद त्याला चहा पाजायचे.

सकाळी भरलेली आणि दुपारी रिकामी, हे कोडं फक्त वर्ध्याचं नव्हतं. ब्रिटनमध्ये गर्लिंग कंपनीनं पन्नासच्या दशकात स्प्रिंगच्या बुडाशी तीन पायऱ्यांची फिरती कडी दिली. एकटा असाल तर खालची पायरी, मागं माणूस असेल तर वरची. बाजूच्या खोबणीत हुकासारखा पाना अडकवून फिरवायची. आजच्या पाच खाचांची ती आजी. त्याच काळात वेलोसेट गाड्यांची युक्ती आणखी मजेदार होती: शॉकपचं वरचं टोक एका वक्र फटीत पुढं-मागं सरकवायचं. शॉकप उभा केला की कडक, आडवा केला की नरम. स्प्रिंगला हातही लावायचा नाही. मी हे प्रथम वाचलं तेव्हा वाटलं, आमच्या उस्तादांना ही गाडी भेटायला हवी होती.

बुलेट आणि जावाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आमच्याकडं त्या ओझ्याच्या गाड्या नव्हत्या, रुबाबाच्या होत्या. रॉयल एनफील्डनं १९४९ च्या बुलेटला मागं झुलता चिमटा आणि तेलाचे शॉकप दिले, तेव्हा बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचं मागचं चाक अजून फ्रेमला घट्टच होतं. भारतीय सैन्यानं ती घेतली आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. जावा १९६१ पासून म्हैसूरहून येऊ लागली, पुढं तिची येझदी झाली. या गाड्या पाटलांच्या, डॉक्टरांच्या, फॉरेस्टवाल्यांच्या. मागं सहसा कोणी बसायचंच नाही, बसलं तर बंदूक. त्यांचे शॉकप गळून गळून कोरडे व्हायचे आणि मालकाला वर्षभर पत्ता नसायचा.

चिमट्याचं मी वर सहज लिहून गेलो, पण गिऱ्हाइकांना सांगतो तेच इथंही सांगतो. मागचं चाक धरणारा जो दुबेळका दांडा, तो चिमटा. त्याचे बुश झिजले असतील तर वर सोन्याचे शॉकप लावा, गाडी शेपूट हलवणारच. नवा शॉकप लावायच्या आधी मी गाडी डबल स्टँडवर घेतो, चाक धरून आडवं हलवतो. खडखड आली तर आधी बुश.

मग १९८५ च्या आगेमागे सगळं बदललं. हीरो होंडाची सीडी १००, इंड-सुझुकी, यामाहाची आरएक्स १००. हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या, लांब सीटच्या गाड्या. मागच्या सीटवर कुटुंब आलं. आणि दुधाच्या कॅनसारखं ते आसाच्या मागं लटकत नव्हतं, पण रोज वेगळं असायचं: सकाळी साहेब एकटे, संध्याकाळी चौघं. पाच खाचांची कडी याच काळात घरोघरी पोचली आणि याच काळात ती कोणी फिरवेनासं झालं.

त्याच वर्षी मराठवाड्यात एक गोष्ट घडली, तिचा धागा पुन्हा वर्ध्याला येतो. बजाजनं औरंगाबादजवळ वाळूजला दुसरा कारखाना काढला. राहुल बजाज यांचे भाचे अनुरंग आणि तरंग जैन यांनी तिथंच १९८५ साली ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग करायला सुरुवात केली. त्यातून पुढं एन्ड्युरन्स उभी राहिली आणि ती शॉकप बनवू लागली. राहुल बजाज जमनालालजींचे नातू, तेव्हा त्यांचे हे भाचे म्हणजे पणतवंडं. आज माझ्या फळीवर जे शॉकपचे खोके आहेत त्यातले बरेच एन्ड्युरन्सचे, बाकीचे गॅब्रिएलचे. गॅब्रिएल १९६१ साली मुंबईत मुलुंडला सुरू झाली आणि आता चाकण आणि नाशिकलाही तिचे कारखाने आहेत. देशाचा शॉकप मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रात घडतो. विदर्भात मात्र तो फक्त तुटायला येतो, असं मी एकदा एका विक्री प्रतिनिधीला म्हणालो, त्यानं हसून आणखी एक खोकं घ्यायला लावलं.

२००१ च्या शेवटी पल्सर आली आणि २००५ च्या सुमारास तिच्या शॉकपला बाजूनं एक छोटा डबा चिकटलेला दिसू लागला. नायट्रॉक्स. आमच्या भाषेत गॅसचा शॉकप. त्या डब्यात नायट्रोजन भरलेला असतो. तो का हवा, हे काळ्या मातीवर समजावणं सोपं आहे. लाटांच्या रस्त्यावर दट्ट्या सतत वरखाली होत राहतो, तेलात हवा मिसळते, फेस होतो. फेसाला भोकातून जायला काही जोर लागत नाही, त्यामुळं तासाभरानं शॉकप हात टेकतो. दाबाखालचा गॅस तेलाला फेसाळू देत नाही. फ्रान्सच्या दे कार्बों यांनी ही युक्ती पन्नासच्या दशकात मोटारींसाठी रुजवली होती.

इथून आमच्याकडं खऱ्या अर्थानं बाहेरचा शॉकप लावायची चाल पडली. पोरं पल्सरचे शॉकप आणून स्प्लेंडरला, आरएक्सला लावायची. बुश जमेना तर लेथवर पोकळी करून आणायची. दिसायला झकास. पण पल्सर जड गाडी, तिची स्प्रिंग जड. हलक्या आरएक्सवर तो शॉकप दबतच नसे. पोरगं सीटवरून उडायचं आणि म्हणायचं, ‘काका, एकदम रेसिंग झाली.’ मी काय बोलणार? रेसिंगच होती, मणक्याशी.

आणखी एक गिऱ्हाईक याच काळातलं. आमचा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा आहे, गांधीजींच्या वास्तव्यामुळं. बंदीच्या जिल्ह्यात काही गाड्या रात्री फार ओझं वाहतात. असा एखादा माणूस येऊन सांगायचा, ‘मिस्त्री, मागून गाडी बसलेली दिसायला नको.’ आरामाचं काही नाही, पकडीचं काही नाही, फक्त दिसायला नको. शॉकपच्या जुळणीची इतकी नेमकी मागणी मला दुसऱ्या कोणी केलेली नाही. मी असं काम घेत नसे, पण मागणी समजत होती: बसण्याचं माप हा पुरावा असतो, हे त्याला आणि पोलिसाला दोघांना माहीत होतं.

ते माप म्हणजेच जुळणीचा पाया. २०१० नंतर सावंगी-सेवाग्रामच्या मेडिकलची पोरं क्लासिक ३५० घेऊन येऊ लागली, लडाखच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि खोक्यातून थायलंडच्या वायएसएसचे शॉकप निघू लागले. स्वीडनच्या ओहलिन्सचं नाव पोरांच्या तोंडी असतं. १९७६ साली केंट ओहलिन यांनी मोटोक्रॉससाठी सुरू केलेलं काम ते. वर्ध्यात ते मला मोबाइलच्या पडद्यावरच जास्त भेटले. वायएसएस मात्र खरोखर येतात. काहींना फक्त स्प्रिंगची कडी, काहींना खाली रिबाऊंडचा, म्हणजे परतीची उसळी आवरायचा, स्क्रू, महागड्यांना डबा आणि त्यावर आणखी एक. पोरं ते लावतात, सगळं घट्ट फिरवतात, आणि आठवड्यानं तोंड पाडून परत येतात: जुनाच बरा होता.

मी त्यांच्याकडून काय करून घेतो ते सांगतो. गाडी डबल स्टँडवर, चाक लोंबकळतं. आसापासून सरळ वर मडगार्डवर एक खूण, फितीनं अंतर लिहून ठेवायचं. मग गाडी खाली उतरवून सरळ धरायची आणि पुन्हा मोजायचं. नुसत्या स्वतःच्या वजनानं ती थोडी बसली पाहिजे. मग मालक पूर्ण तयारीनिशी वर बसतो, हेल्मेट, पाठीवरची पिशवी, आणि मागं जो नेहमी बसतो तो. मैत्रीण असेल तर मैत्रीण. इथं पोरं लाजतात. मी म्हणतो, बाप्पा, मला तिचं नाव नको, वजन हवं. जुन्या क्लासिकच्या मागच्या चाकाची चाल ८० मिलिमीटर. सगळे बसल्यावर गाडी त्यातली पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे २० ते २७ मिलिमीटर बसली पाहिजे. कमी बसली तर कडी खाली, जास्त बसली तर वर. दोन्ही बाजूंना सारखीच.

‘बसली पाहिजे कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. कारण चाकाला फक्त वर जायचं नसतं, खालीही जायचं असतं. लाट उतरते तेव्हा चाकानं रस्ता सोडू नये, म्हणून खाली जायला थोडी चाल शिल्लक हवी. पाचव्या खाचेवरच्या हलक्या माणसाची गाडी आधीच वरच्या टोकाला टेकलेली असते. उतारावर चाक अधांतरी राहतं आणि मग जे आपटतं ते हेच. कडी फिरवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, हे मी फळ्यावर लिहून ठेवायला हवं. ती फक्त गाडी किती उंचीवर बसेल ते ठरवते. पाचवर टाकूनही गाडी फार बसते तर स्प्रिंगच बदलावी लागते. उस्तादांचा पाइपचा तुकडा आणि ही कडी, दोघांचं काम एकच.

रिबाऊंडचा स्क्रू नंतर. तो हलक्या हातानं शेवटपर्यंत घट्ट करायचा, मग टकटक मोजत कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत उघडायचा. सीट जोरानं दाबून सोडली की मागची बाजू एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोनदा डोलली तर आणखी घट्ट, एकावेळी दोन टक, जास्त नाही. मग जाऊन रस्त्यावर पाहायचं. काळ्या मातीच्या रस्त्यावर हा स्क्रू फार घट्ट करणं पोरांना महागात पडतं. पहिल्या लाटेनं दबलेला शॉकप पुरता वर यायच्या आत दुसरी लाट त्याला दाबते, मग तिसरी. गाडी प्रत्येक लाटेला खाली खाली बसत जाते आणि शेवटी दगडासारखी होते. पोरगं म्हणतं, शॉकप कडक आहे. तो कडक नसतो, त्याला श्वास घ्यायला वेळ मिळत नसतो.

लांबीचं एक सांगून ठेवतो. मुळापेक्षा लांब शॉकप लावला की मागची बाजू उचलते, हँडल चटकन वळायला लागतं, डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकतं आणि चेनचा ढिलेपणा बदलतो. चिमट्याचा सांधा, पुढचं दातेरी चाक आणि मागचा आस एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात ताणली जाते. तो ताण वजन टाकूनच तपासायचा. आणि जवळजवळच्या वेढ्यांची बाजू वर ठेवायची की खाली, यावर माझ्या दुकानात भांडणं झाली आहेत. स्प्रिंगला काही फरक पडत नाही. सुंदर दिसेल तशी लावा. गॅसचा डबा मात्र उघडायला जाऊ नका; त्यात दाब असतो आणि तो डोळा ओळखत नाही.

आता मोनो शॉकचे दिवस आहेत. बेल्जियमच्या लुसिएन टिल्कन्स यांची कल्पना यामाहानं उचलली आणि १९७३ मध्ये हाकान आंदेर्सन त्या एका शॉकपवर मोटोक्रॉसचे विश्वविजेते झाले. आमच्याकडं तो रस्त्यावर २००४ च्या युनिकॉर्नबरोबर आला. चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. पण तो गाडीच्या पोटात असतो. दोन शॉकपची कडी गिऱ्हाईक गुडघ्यावर बसून स्वतः फिरवू शकत होता; पोटातल्या कडीपर्यंत पाना न्यायला कधी कधी बाजूचं कव्हर काढावं लागतं. म्हणून तीही कारखान्यातून आली तशीच राहते. आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात सपाट रस्ता, ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेला समृद्धी महामार्ग, तिथं दुचाकीला बंदी आहे. तेव्हा शॉकपची गरज संपायची काही लक्षणं नाहीत.

दूध आता छोट्या टेम्पोतून येतं. मागच्या सीटवरचं नवं ओझं पार्सलवाल्याचं आहे. आमच्या गल्लीतला एक पोरगा जुन्या स्प्लेंडरवर सकाळी थैला घेऊन निघतो तेव्हा मागं जणू आणखी एक माणूस असतो, दुपारपर्यंत थैला अर्धा आणि संध्याकाळी रिकामा. तोही आला तेव्हा पाचवर होता, आणि दुपारनंतर कंबर जाते म्हणून सांगत होता. त्याला भरलेल्या आणि रिकाम्या थैल्यासह बसवून दोन्ही मापं घेतली. सकाळी चार, जेवणानंतर दोन. आता तो जेवायला थांबतो तिथं डबा उघडायच्या आधी कडी फिरवतो, दोन्ही बाजूंची, मिनिटभराचं काम. पाना माझ्याच दुकानातला आहे. पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणाला.